‘जेपीएस’मध्ये सगळं दिसतंय, मग क्लस्टर का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटूची चार मशीनं, प्रत्येकी ८ जीबी रॅम. एक मास्टर, तीन वर्कर, आणि मास्टरचं नावही वर्कर्सच्या फाईलमध्ये घातलेलं. हडूप ३.३ (अनेक मशीनवर मिळून डेटा साठवणारं आणि त्यावर काम करणारं सॉफ्टवेअर) बसवला. चारही मशीनवर ‘जेपीएस’ कमांड टाकली की हव्या त्या सगळ्या प्रोसेस दिसत होत्या, पण नेमनोडच्या (कोणती फाईल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या प्रोसेसच्या) पानावर लाईव्ह नोड एकच. मग दोनदा फॉरमॅट करून पाहिलं, तर आता डेटानोड (प्रत्यक्ष डेटा साठवणाऱ्या प्रोसेस) सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडतात. ‘पाय’ची किंमत काढणारा नमुना जॉब ‘ॲक्सेप्टेड’वर अडकून बसलाय. आणि शेवटी विचारलंय की हे सुटल्यावर क्लस्टर नीट बसला आहे हे खात्रीने कसं ठरवायचं, कोणत्या टेस्ट घ्यायच्या.

तुम्ही चार वेगवेगळे प्रश्न विचारलेत असं वाटतं, पण मला त्यात एकच दिसतो. ‘जेपीएस’ फक्त एवढंच सांगतं की या मशीनवर अमुक नावाची जावा प्रोसेस जिवंत आहे. ती प्रोसेस क्लस्टरमध्ये सामील झाली की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. डेटानोड जिवंत राहून नेमनोडचा दरवाजा तासन्‌तास ठोठावत बसू शकतो, आणि ‘जेपीएस’मध्ये तो तसाच दिसत राहतो. म्हणून पहिली सवय बदला: कोण आलंय हे त्या मशीनला विचारायचं नाही, नेमनोडला आणि जॉबना जागा वाटणाऱ्या रिसोर्स मॅनेजरला विचारायचं. एचडीएफएसच्या (हडूपच्या फाईल साठवणाऱ्या भागाच्या) डीएफएसॲडमिनचा रिपोर्ट आणि यार्नची (जॉब चालवणाऱ्या भागाची) नोड-लिस्ट, या दोन कमांड जे सांगतील तेच खरं धरायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. ही चार खरी मशीनं आहेत की एकाच मशीनवरच्या चार व्हीएम (आभासी मशीनं), हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्हीएम असतील तर शिकायला उत्तम, पण एचडीएफएस डेटाच्या ज्या तीन प्रती ठेवतो, त्या शेवटी एकाच डिस्कवर बसतात. त्यामुळे वेगाची कोणतीही टेस्ट निरर्थक, आणि डेटा सुरक्षित आहे असंही मानायचं नाही. क्लस्टर सरावासाठी आहे की कामाचा डेटा ठेवायला, यानेही उत्तर बदलतं. खाली मी कामाचा क्लस्टर गृहीत धरून लिहितोय. सराव असेल तर वेगाबद्दलचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू होतं.

आता एकच लाईव्ह नोड का दिसतो ते बघू. उबुंटू आणि डेबियन इन्स्टॉल होताना ‘होस्ट्स’ फाईलमध्ये एक ओळ घालतात: १२७.०.१.१ आणि पुढे त्या मशीनचं स्वतःचं नाव. एकट्या मशीनसाठी ती निरुपद्रवी असते, क्लस्टरला मात्र घातक. कोअर-साइट फाईलमध्ये तुम्ही मास्टरचं नाव आणि पोर्ट ९००० दिलं असणार. नेमनोड सुरू होताना स्वतःच्या नावाचा पत्ता शोधतो, त्याला मिळतो १२७.०.१.१, आणि तो तिथेच कान लावून बसतो. हा पत्ता मशीनच्या आतल्या आतला आहे. वर्कर मात्र मास्टरच्या खऱ्या आयपीवर येतात आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ घेऊन परत जातात. मास्टरवरचाच डेटानोड तेवढा आतून पोचतो, म्हणून तुमचा आकडा नेमका एक आहे. शून्य असता तर मी आधी फायरवॉल आणि नावं तपासायला सांगितलं असतं.

पडताळायला मास्टरवर ‘एसएस’ कमांडने ऐकत असलेले पोर्ट पाहा. ९००० च्या आधी १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला की कारण सापडलं. चारही मशीनवरून ती ओळ काढा आणि चारही ठिकाणी एकसारखी यादी लिहा, खरा आयपी आणि नाव अशी. ‘वर्करवरची ओळ असू दे, नेमनोड तर मास्टरवर आहे’ असं करू नका. जॉबचा ॲप्लिकेशन मास्टर, म्हणजे त्या जॉबवर देखरेख करणारी प्रोसेस, कोणत्याही वर्करवर सुरू होऊ शकतो. त्याने बाकीच्यांना १२७.०.१.१ असा पत्ता सांगितला, तर बाकीचे स्वतःच्याच दारावर टकटक करत बसतात. मग जॉब सुरू होतो आणि मध्येच मरतो, आणि हे शोधायला आणखी कठीण.

व्हीएम असतील तर आणखी एक शक्यता आहे. पुष्कळ जण एक वर्कर पूर्ण तयार करतात, डेटानोड एकदा चालवून बघतात आणि मग त्याच्या क्लोन काढतात. डेटानोड पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा स्वतःची एक युनिक ओळख तयार करून डेटा डिरेक्टरीतल्या ‘व्हर्जन’ नावाच्या फाईलमध्ये लिहितो. क्लोनबरोबर ती ओळखही जाते. मग तीन वर्कर एकाच नावाने हजेरी लावतात आणि नेमनोडला ते एकच वाटतात. पान रिफ्रेश केलं की कधी या वर्करचं नाव, कधी त्या वर्करचं. असं दिसलं तर क्लोनवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करून डेटानोड नव्याने सुरू करा.

दोनदा फॉरमॅट केल्यावर डेटानोड का पडायला लागले, याचं कारणही त्याच ‘व्हर्जन’ फाईलमध्ये आहे. नेमनोड फॉरमॅट केला की दर वेळी नवा क्लस्टर आयडी तयार होतो. तुम्ही दिलेल्या फॉरमॅटच्या कमांडने फक्त नेमनोडची डिरेक्टरी नवी झाली. डेटानोडकडे जुना आयडी तसाच आहे. दोन्ही आयडी जुळत नाहीत, म्हणून डेटानोड ‘इनकम्पॅटिबल क्लस्टर-आयडीज’ असं लॉगमध्ये लिहून स्वतःहून बंद होतो. त्या ओळीत दोन्ही आयडी शेजारी छापलेले असतात, एकदा उघडून पाहा म्हणजे पुन्हा कधी विसरणार नाही. तुमच्याकडे अजून डेटा नाही, तेव्हा सगळे डेमन (पाठीमागे चालणाऱ्या हडूपच्या प्रोसेस) बंद करा, सगळ्या डेटानोडच्या डेटा डिरेक्टरी रिकाम्या करा, एकदाच फॉरमॅट करा आणि सुरू करा.

इथे मी थोडं थांबून सांगतो, कारण हे मनाला लागलेलं आहे. फॉरमॅट हा दुरुस्तीचा उपाय नाही. कोणती फाईल कोणत्या ब्लॉकची (तुकड्यांची) बनली आहे ही माहिती फक्त नेमनोडच्या मेटाडेटात असते. डेटानोडच्या डिस्कवर ब्लॉक शाबूत असले तरी मेटाडेटा गेला की ते नुसते क्रमांक लिहिलेले तुकडे उरतात. मला एकदा असा क्लस्टर सोपवला गेला होता जिथे मशीन रीस्टार्ट झाल्यावर ‘नेमनोड फॉरमॅट केलेला नाही’ असा एरर आला, आणि तिथल्या माणसाने एरर वाचून प्रामाणिकपणे फॉरमॅट केलं. मूळ कारण वेगळंच होतं. हडूपची कामाची डिरेक्टरी ठरवून दिली नाही तर ती ‘टेम्प’च्या आत बनते, आणि पुष्कळ लिनक्समध्ये रीस्टार्टला ‘टेम्प’ साफ होतं. तिथे डेटा आधीच गेलेला होता, फॉरमॅटने त्यात काही वाढ झाली नाही. पण तोच माणूस तीच सवय घेऊन पुढच्या क्लस्टरवर गेला असता तर काय झालं असतं, ते मी नंतर किती तरी दिवस मनात घोळवत होतो. नेमनोडची डिरेक्टरी आणि डेटानोडच्या डिरेक्टरी वेगळ्या, ठरलेल्या जागी ठेवा, आणि शक्य असेल तर नेमनोडला स्वल्पविराम देऊन दोन जागा सांगा, त्यातली एक दुसऱ्या डिस्कवर. तो दोन्हीकडे तेच लिहितो.

जॉब ‘ॲक्सेप्टेड’वर अडकण्याचा अर्थ असा: रिसोर्स मॅनेजरने जॉब घेतला, पण ॲप्लिकेशन मास्टरला बसवायला जागा मिळत नाही. जागा का नाही, याची तीन कारणं मला वारंवार भेटतात.

पहिलं, एकही नोड मॅनेजर (प्रत्येक वर्करवर जॉबचे भाग चालवणारी प्रोसेस) नोंदलेला नसणं. रिसोर्स मॅनेजरचं होस्टनेम यार्न-साइट फाईलमध्ये लिहिलं नाही तर ते ०.०.०.० धरलं जातं. वर्करवरचा नोड मॅनेजर मग ०.०.०.० च्या ८०३१ पोर्टवर, म्हणजे स्वतःकडेच, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. लॉगमध्ये त्याच ओळीची रांग लागलेली दिसेल. ‘जेपीएस’मध्ये हा नोड मॅनेजरही ठणठणीत दिसतो. तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. ही फाईल चारही मशीनवर एकसारखी हवी, फक्त मास्टरवर बदलून उपयोग नाही.

दुसरं, नोड नोंदलेला आहे पण ‘अनहेल्दी’ आहे. नोड मॅनेजर आपली लोकल डिस्क तपासत असतो, आणि ती ९० टक्क्यांच्या वर भरली की ती वापरायची नाही असं ठरवतो. छोट्या रूट पार्टिशनवर सगळं बसवलं असेल तर लॉग आणि दोनचार प्रयोगांतच हा आकडा गाठला जातो. जॉबच्या लॉगमध्ये याचा उल्लेखही नसतो, नोड-लिस्टमध्ये सगळ्या अवस्था दाखवायला सांगितलं तरच कळतं.

तिसरं कारण मेमरी. इथे तुम्हाला हिशोब करावाच लागेल. नोड मॅनेजरला काही सांगितलं नाही तर तो आपल्याकडे ८१९२ एमबी आहेत असं धरून चालतो, मशीनमध्ये खरी रॅम किती आहे हे तो आपणहून बघत नाही. तुमच्या मशीनमध्ये एकूण रॅमच तेवढी आहे. म्हणजे लिनक्स, डेटानोड आणि नोड मॅनेजर यांच्यासाठी शून्य. जॉब जोरात चालला की रॅम संपते, कर्नल एखादी मोठी प्रोसेस उचलून मारतो, आणि ती डेटानोडही असू शकते. मी ८ जीबीच्या वर्करवर यार्नला ५ जीबीपेक्षा जास्त देत नाही. साधारण १ जीबी डेटानोडला, १ जीबी नोड मॅनेजरला, उरलेली लिनक्सला आणि डिस्क कॅशला. मॅपरिड्यूसचा (मॅप आणि रिड्यूस अशा दोन टप्प्यांत चालणाऱ्या जॉबचा) ॲप्लिकेशन मास्टर १५३६ एमबी मागतो, आणि कमीत कमी वाटप १०२४ च्या पटीत असल्याने त्याला २०४८ मिळतात. हे आकडे कागदावर मांडा.

तीन वर्करचे मिळून १५ जीबी झाले, आणि कपॅसिटी शेड्युलर (यार्नमधला जॉबची रांग लावणारा भाग) त्यातले फक्त १० टक्के ॲप्लिकेशन मास्टरसाठी ठेवतो. म्हणजे दीड जीबी. पहिल्या जॉबला तो अपवाद म्हणून जागा देतो, दुसरा जॉब मात्र पहिला संपेपर्यंत ‘ॲक्सेप्टेड’वरच थांबेल. छोट्या क्लस्टरवर हे बिघाडाचं लक्षण नाही. दोन जॉब एकदम चालायला हवे असतील तर ती टक्केवारी वाढवा. आणि आधीचा अडकलेला जॉब मारला आहे ना, हे आधी बघा. पुष्कळदा कालचाच जॉब आजच्या जॉबची वाट अडवून बसलेला असतो.

बसवण्यातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ‘जावा होम’ हडूप-एन्व्ह फाईलमध्येच लिहा. ‘बॅशआरसी’मध्ये लिहिलेलं एसएसएचने सुरू होणाऱ्या प्रोसेसपर्यंत पोचेलच असं नाही. पासवर्डशिवायचं एसएसएच फक्त मास्टरकडून वर्करकडे आणि मास्टरकडून स्वतःकडे लागतं, तेही सुरू-बंद करायच्या स्क्रिप्टपुरतं. डेमन आपसात एसएसएचने बोलत नाहीत. म्हणून काही अडलं तर त्या वर्करवर जाऊन एकटा डेटानोड हाताने सुरू करा आणि त्याचा लॉग समोर उघडा ठेवा, अर्धा वेळ वाचेल. रूटने काहीही चालवू नका, वेगळा युजर करा. चारही मशीनची घड्याळं क्रोनीने जुळवा. स्वॅपिनेस १ करा, म्हणजे लिनक्स रॅममधलं डिस्कवर कमी ढकलेल, आणि उघड्या फाईलींची मर्यादा वाढवा, डेटानोड एकाच वेळी खूप फाईली आणि सॉकेट उघडतो. डेटानोडच्या डिस्कना रेड (अनेक डिस्क जोडून एक करण्याची पद्धत) लावू नका. प्रत्येक डिस्क वेगळी माउंट करून डिरेक्टरींची यादी द्या, प्रती सांभाळायचं काम एचडीएफएस करतोच. प्रत्येक डिस्कवर थोडी जागा राखून ठेवा, कारण राखीव जागेचा आकडा मुळात शून्य असतो आणि डेटानोड डिस्क पार भरून टाकतो. जॉबचे भाग ज्यांत चालतात ते कंटेनर ‘व्हर्च्युअल मेमरीची मर्यादा ओलांडली’ म्हणून मरत असतील तर व्हर्च्युअलची तपासणी बंद करा. फिजिकलची मात्र चालू ठेवा. ‘एमआरॲपमास्टर सापडत नाही’ असा एरर आला तर मॅपरेड-साइट फाईलमध्ये ‘हडूप मॅपरेड होम’ द्यायचं राहिलं आहे.

एक गोष्ट जुन्या लेखांबद्दल. हडूप ३.० डिसेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा पोर्ट बदलले. नेमनोडचं पान आधी ५००७० वर होतं, ते ९८७० वर गेलं. ‘स्लेव्हज’ फाईलचं नाव ‘वर्कर्स’ झालं. जुना लेख बघून ‘स्लेव्हज’ फाईल भरली तर ती कुणी वाचतच नाही, आणि एररही येत नाही. आणि मास्टरचं नाव वर्कर्समधून काढून टाका. ८ जीबीच्या मशीनवर नेमनोड आणि रिसोर्स मॅनेजर आहेत, तेवढं पुरे.

आता टेस्ट. माझा क्रम ठरलेला आहे: आधी हडूपशिवाय, मग नुसता एचडीएफएस, मग यार्न. खालचा थर तपासला नसताना वरचा तपासला की दोष कुठला हे कळत नाही.

हडूपशिवाय म्हणजे प्रत्येक मशीनवरून प्रत्येक मशीनचं नाव उलगडतं का, आयपीवरून उलटं नाव मिळतं का, आणि ‘आयपर्फ’ने प्रत्येक जोडीतला वेग किती. चार मशीनच्या सहा जोड्या होतात, दोन्ही दिशांनी बारा. कंटाळा करू नका. एका क्लस्टरवर आम्हाला सगळे जॉब मंद वाटत होते, तेही कधी फार, कधी थोडे. आठवडाभर आम्ही यार्नच्या सेटिंगशी झटत होतो. शेवटी ‘ईथटूल’ने पाहिलं तेव्हा एका नोडचं नेटवर्क कार्ड १००० ऐवजी १०० मेगाबिटवर चालत होतं. केबलचं टोक खराब होतं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. एचडीएफएसमध्ये लिहिताना प्रती साखळीने पुढे जातात, पहिला नोड दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. साखळीत हा नोड आला की ते अख्खं लिखाण १२ एमबीवर येतं, नाही आला की वेग पूर्ववत. म्हणून कधी फार, कधी थोडे. पाच मिनिटांच्या टेस्टने हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तेव्हापासून बारा आकड्यांचा तक्ता भरल्याशिवाय मी हडूपची फाईल उघडत नाही.

एचडीएफएससाठी १ जीबीची एक फाईल घ्या, तिचा एमडी५ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) लिहून ठेवा आणि मास्टरवरून ती आत टाका. मास्टरवरूनच का? ज्या मशीनवर डेटानोड आहे तिथून लिहिलं तर प्रत्येक ब्लॉकची पहिली प्रत त्याच मशीनवर पडते. एकाच वर्करवरून महिनोन्‌महिने डेटा भरला गेला आणि तोच वर्कर तुडुंब भरला, हे पुष्कळ ठिकाणी होतं. ही फाईल लिहिताना प्रती ३ ऐवजी २ ठेवा, कारण खाली येतं. आता फाईलींची तपासणी करणाऱ्या ‘एफएससीके’ कमांडला ब्लॉक आणि त्यांच्या जागा दाखवायला सांगा. १२८ एमबीचे आठ ब्लॉक, एकूण सोळा प्रती, तीन वर्करवर पसरलेल्या दिसायला हव्यात. फाईल परत बाहेर काढून एमडी५ जुळतो का पाहा.

मग एका वर्करवरचा डेटानोड मारा. नीट बंद करू नका, ‘किल -९’ करा. लगेच फाईल वाचा, वाचता आली पाहिजे. घड्याळ लावा. नेमनोड त्या डेटानोडला लगेच मृत धरणार नाही. दर ३ सेकंदांनी हजेरी असते, पण मृत ठरवायला १० मिनिटं ३० सेकंद जातात: तपासणीच्या ५ मिनिटांच्या अंतराची दुप्पट आणि वर दहा हुकलेल्या हजेऱ्या. एखादं मशीन रीस्टार्ट होऊन येईपर्यंत लाखो ब्लॉक उगाच हलू नयेत म्हणून हा वेळ आहे. साडेदहा मिनिटांनी रिपोर्टमध्ये ‘डेड’ दिसेल, ‘एफएससीके’मध्ये काही ब्लॉक ‘अंडर-रेप्लिकेटेड’ दिसतील, आणि मग तो आकडा हळूहळू शून्याकडे यायला लागेल. उरलेल्या दोन वर्करवर आठ-आठ प्रती झाल्या की काम झालं. मारलेला डेटानोड परत सुरू करा. आता प्रती जास्त झाल्या, तर नेमनोड जादाच्या आपणहून काढतो. हे सगळं डोळ्यांनी पाहिलंत की एचडीएफएसवर तुमचा विश्वास बसेल, नुसतं वाचून बसत नाही.

प्रती २ ठेवायला सांगितलं ते यासाठी. तीन वर्कर आणि तीन प्रती असताना एक वर्कर गेला, तर तिसरी प्रत ठेवायला चौथी जागाच नाही. ‘अंडर-रेप्लिकेटेड’चा आकडा कितीही थांबलात तरी उतरत नाही, आणि माणूस घाबरतो. डेटा वाचता येतो, नवा लिहिताही येतो, पण क्लस्टर स्वतःला सावरू शकत नाही. कामाचा डेटा तीन प्रतींत ठेवायचा असेल तर चौथा वर्कर घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे.

हीच टेस्ट पुन्हा एकदा नेटवर्कची केबल काढून करा. ‘किल’ केल्यावर त्या मशीनचा कर्नल लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ सांगतो आणि वाचणारा दुसऱ्या प्रतीकडे वळतो. केबल काढली की कुणीच काही सांगत नाही. वाचणारा ६० सेकंदांचा टाइमआउट होईपर्यंत गप्प उभा राहतो. खऱ्या आयुष्यात मशीनं बरेचदा अशीच जातात, आणि तुमच्या ॲप्लिकेशनला ते एक मिनिट सोसतं का हे आधी कळलेलं बरं.

यार्नसाठी ‘पाय’ फक्त एवढंच दाखवतो की कंटेनर सुरू होतात. डेटा हलतो का, हे टेराजेन (डेटा बनवणारा), टेरासॉर्ट (तो क्रमाने लावणारा), टेराव्हॅलिडेट (क्रम तपासणारा) या तिघांनी बघायचं. टेराजेनची प्रत्येक ओळ १०० बाइटची असते, म्हणून १० कोटी ओळी म्हणजे १० जीबी. टेरासॉर्टला दोन गोष्टी आवर्जून सांगा. रिड्यूसरची संख्या दिली नाही तर ती १ धरली जाते आणि सगळं सॉर्टिंग एकाच वर्करवर होतं. दुसरं, टेरासॉर्ट आपल्या आउटपुटची मुळात एकच प्रत ठेवतो, मोजणीत वेग चांगला दिसावा म्हणून. तुम्ही मध्येच नोड मारणार असाल तर आउटपुटच्या प्रती २ करा, नाहीतर व्हॅलिडेट फसेल आणि तुम्ही क्लस्टरला दोष द्याल.

सॉर्ट चालू असताना, मॅप १०० टक्के होऊन रिड्यूस पुढे सरकत असताना, एका वर्करचा नोड मॅनेजर मारा आणि त्यावर चाललेले कंटेनरही मारा. थोड्या वेळाने मॅपचा आकडा १०० वरून मागे येताना दिसेल. घाबरू नका. मॅपचं आउटपुट एचडीएफएसवर नसतं, ते त्या वर्करच्या लोकल डिस्कवर असतं. ते मिळेनासं झाल्यामुळे तेवढे मॅप दुसरीकडे पुन्हा चालवले जातात. यात काही मिनिटं जातात, पण जॉब पूर्ण झाला पाहिजे, आणि टेराव्हॅलिडेटच्या आउटपुटमध्ये चेकसमखेरीज चुकीची कोणतीही नोंद नको.

वेग मोजायचा असेल तर डेटा तिन्ही वर्करच्या एकूण रॅमपेक्षा, म्हणजे २४ जीबीपेक्षा, बराच मोठा घ्या. नाहीतर डिस्कऐवजी लिनक्सच्या कॅशचा वेग मोजाल. एचडीएफएसचा वेग मोजणारा टेस्टडीएफएसआयओ जो ‘थ्रूपुट’ छापतो तो एका टास्कचा सरासरी आकडा असतो, पूर्ण क्लस्टरचा नाही. तो बघून ‘फक्त एवढाच?’ म्हणून हातपाय गाळणारे मी पाहिलेत.

राहिलं नेमनोडचं. ‘सेकंडरी नेमनोड’ हा पर्यायी नेमनोड नाही. तो दर तासाला किंवा १० लाख व्यवहारांनंतर मेटाडेटाचं चेकपॉइंट करतो, बस. खरा पर्याय हवा असेल तर दोन नेमनोड, तीन जर्नलनोड (मेटाडेटातले बदल नोंदणारे) आणि तीन झूकीपर (कोणता नेमनोड कामावर ते ठरवायला) लागतात. चार मशीनवर ते कोंबता येतं, पण पहिल्याच क्लस्टरला मी ते करणार नाही. त्याऐवजी डीएफएसॲडमिनला सांगून रोज मेटाडेटाची इमेज दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या, आणि एकदा तरी त्या इमेजवरून रिकाम्या डिरेक्टरीत नेमनोड उभा करून पाहा. हे सगळं खासगी नेटवर्कवरच ठेवा. केर्बरोस (युजरची ओळख तपासणारी यंत्रणा) लावलं नाही तर हडूप समोरच्याने सांगितलेलं युजरचं नाव खरं मानतो, आणि रिसोर्स मॅनेजरचं ८०८८ पोर्ट इंटरनेटवर उघडं राहिलं तर कुणीही तुमच्या मशीनवर आपला कोड चालवू शकतो.

शेवटची टेस्ट मी नेहमी तीच घेतो: चारही मशीनं एकदम बंद करून सुरू करायची आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. डेमन लिनक्सच्या सिस्टिमडीमधून आपोआप यायला हवेत. नेमनोड आधी सेफ मोडमध्ये (फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही अशा अवस्थेत) जाईल, ९९.९ टक्के ब्लॉकची नोंद आली की आणखी ३० सेकंद थांबेल आणि स्वतःच बाहेर येईल. तो अडकून राहिला तर जबरदस्तीने बाहेर काढू नका, आधी कोणता डेटानोड आला नाही किंवा कोणती डिस्क माउंट झाली नाही ते शोधा. आज ‘होस्ट्स’ फाईल आणि रिसोर्स मॅनेजरचं होस्टनेम एवढ्या दोनच गोष्टी दुरुस्त करून, डेटा डिरेक्टरी साफ करून एकदाच फॉरमॅट करा. तरीही रिपोर्टमध्ये तिन्ही वर्कर लाईव्ह आले नाहीत, तर न आलेल्या वर्करच्या डेटानोडच्या लॉगमधल्या शेवटच्या पन्नास ओळी इथे टाका, बघून सांगतो.